सात टक्के तात्या

तृप्ती जाधवचं काम टक्का सांगण्याचं होतं. नेमणुकीच्या कागदावर 'जीवनसंभाव्यता समुपदेशक' असं छापलेलं होतं, पण तेवढं म्हणेपर्यंत एखाद्या रुग्णाची संभाव्यता बदलायची, म्हणून दवाखान्यात सगळे तिला टक्केवाल्या मॅडम म्हणत. विट्यात टक्केवाले म्हणून ओळखले जाणारे आणखीही काही लोक होते, पण त्यांची कार्यालयं निराळी.

ही गोष्ट अजून घडायची आहे. फार नाही, दहा-बारा वर्षांनी घडेल. तोवर विट्याबाहेरचा रस्ता रुंद होऊन दुसऱ्यांदा खणलेला असेल आणि त्या रस्त्यावरच्या मोठ्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दारावर, एक पडदा लागलेला असेल. त्यावर खाटेचा क्रमांक आणि पुढे टक्का. खाट चार, बासष्ट. खाट सात, एकोणचाळीस. रुग्ण जगण्याची शक्यता शेकडा किती, ते यंत्र मोजायचं आणि दर पंधरा मिनिटांनी बदलून दाखवायचं. यंत्राचं नाव 'अनुमान'. नातेवाइकांना तेच आकडे फोनवरही मिळत. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या बायका एकमेकींना "तुमचे किती?" असं विचारत आणि ऐंशीवाल्याची बाई तिशीवाल्याच्या बाईला आपल्या डब्यातली चपाती जरा जास्तच मायेनं देई.

आता हे टक्के येतात कुठून, ते थोडं सांगायला हवं.

अत्यवस्थ माणसाच्या प्रकृतीला गुण देण्याची पद्धत जुनी, गेल्या शतकातली. रक्तदाब किती घसरला, श्वास किती वेगानं चाललाय, रक्तात प्राणवायू किती, मूत्रपिंडं किती मागे पडली, हाक मारल्यावर माणूस डोळे उघडतो का, वय काय, अशा प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण द्यायचे नि बेरीज करायची. शाळेच्या उलट प्रकार. ज्याला गुण जास्त, तो नापास व्हायची भीती जास्त. ही पद्धत ज्यांनी काढली त्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं की हा आकडा घोळक्याचा आहे, एकट्याचा नाही. इतके गुण असलेल्या शंभरांपैकी चाळीस वाचतात, एवढंच तो सांगतो. समोरच्या खाटेवरचा माणूस त्या चाळिसांतला की साठांतला, हे त्याला ठाऊक नसतं. सूचना पुस्तकात राहिली आणि आकडा तेवढा बाहेर आला.

'अनुमान'नं त्यात एक भर घातली. ते शिकत असे. राज्यातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागातला प्रत्येक रुग्ण तीस दिवसांनंतर जिवंत आहे की नाही, हे त्याला कळवलं जाई आणि रोज पहाटे ते आपली गणितं त्यानुसार दुरुस्त करून घेई. म्हणजे त्याला शिकवणारा मास्तर एकच, निकाल.

टक्का दहाच्या खाली गेला की तृप्ती लागे. दहाच्या आतल्यांसाठी सरकारची 'सन्मानाने घरी' नावाची योजना होती. तीत रुग्णवाहिका, वाटेपुरता ऑक्सिजन आणि एक शाल मिळे. माणसानं शेवटचा श्वास आपल्या घरात घ्यावा ही आपल्याकडची रीत, आणि सरकारनं पहिल्यांदाच एखाद्या रीतीला गाडी दिली होती. तृप्ती नातेवाइकांना आत बोलवी, पाणी देई आणि म्हणे, "आपण प्रयत्नांत कमी पडलो नाही. आता त्यांना त्यांच्या माणसांत, त्यांच्या घरी नेऊया का?" लोक रडत, मान हलवत आणि जाताना तिचे आभार मानत. हे बोलणं तिनं स्वतः बसवलं होतं आणि तिच्या मते ते खरं होतं. जिल्ह्यातल्या इतर समुपदेशकांना ते छापून दिलं गेलं होतं.

मग तिचे वडील खाट नऊवर आले.

हिंदुराव साळुंखे, म्हणजे तात्या, हे गलाईवाले. विट्याच्या आसपासच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसं देशभर जातात आणि सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा मांडून बसतात, त्यांना गलाईवाले म्हणतात. तात्यांनी पस्तीस वर्षं तमिळनाडूत, सेलममध्ये, भट्टीपुढे काढली. तेजाबाच्या वाफा छातीत घेतल्या आणि त्या बदल्यात गावात दुमजली बंगला बांधला. सगळेच गलाईवाले बांधतात. वर्षातले अकरा महिने कुलूप, एक महिना जत्रा नि दिवाळी. धंदा मुलाच्या हाती देऊन दोन वर्षांपूर्वी तात्या आणि आई कायमचे त्या बंगल्यात राहायला आले होते. या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, तो रक्तात उतरला आणि तात्यांच्या तोंडावर घट्ट मास्क बसवून यंत्रानं श्वास ढकलणं सुरू झालं.

आले तेव्हा एकतीस टक्के होते. दुसऱ्या दिवशी अठरा. 'साळुंखे परिवार' या फोनवरच्या गटात गुवाहाटीपासून तिरुनेलवेलीपर्यंतचे भाऊबंद होते. एकतीसला सर्वांनी फुलं पाठवली, अठराला हात जोडले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सात टक्के झाल्यावर तिकिटं काढायला सुरुवात केली. गुवाहाटीच्या काकांनी 'भावपूर्ण' एवढं लिहून पाठवलं आणि घाईनं पुसलं. सगळ्यांनी ते वाचलं होतं.

आपल्याच नातेवाइकांना टक्का सांगायची समुपदेशकाला परवानगी नव्हती. म्हणून ते काम त्या दिवसापुरतं पाठपुरावा विभागाच्या वाळिंब्यांकडे आलं.

वाळिंबे अत्यंत सभ्य गृहस्थ. लिफ्टमध्ये शिंक आली तरी आधी इतरांची परवानगी मागणारे. त्यांनी तृप्तीला तिच्याच खोलीत, तिच्याच खुर्चीसमोर बसवलं आणि तिचंच छापील कार्ड हातात घेतलं.

"मॅडम, आपण प्रयत्नांत कमी पडलो नाही," त्यांनी वाचलं. मग चष्मा वर केला. "इथं पुढे 'थांबा' असं लिहिलंय."

"ते वाचायचं नसतं, वाळिंबे. थांबायचं असतं."

"अच्छा." ते थांबले. बराच वेळ थांबले. "आता त्यांना त्यांच्या माणसांत—"

"कळलं मला. उद्या सकाळची गाडी लिहा. माझा भाऊ आज संध्याकाळी सेलमहून येतोय, तो आला की नेऊ." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हे बोलणं ऐकायला फार बरं वाटतं. समोरचे लोक आभार का मानतात, ते तिला पहिल्यांदाच कळलं. आपल्याला काही ठरवायचंच उरत नाही.

"आणि एक," वाळिंबे हळू आवाजात म्हणाले, "नियमाप्रमाणे तिसाव्या दिवशी घरी फोन करून विचारायचं असतं. पण तुम्ही निश्चिंत राहा. मी कुणालाच करत नाही."

"काय करत नाही?"

"फोन. ज्या घरात माणूस गेलंय तिथं फोन करून 'गेले का?' असं कसं विचारायचं? बरं दिसतं का ते? मी माझा परस्पर भरून टाकतो."

"काय भरता?"

"जे असतं ते."

"म्हणजे?"

वाळिंब्यांनी कार्ड खाली ठेवलं. "म्हणजे... गेले, असं."

"आणि गेले नसतील तर?"

वाळिंब्यांनी तिच्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. "मॅडम, दहा टक्क्यांच्या आतली माणसं. त्यांच्या घरच्यांना 'अजून आहेत का?' असं विचारणं तर आणखीच वाईट."

तृप्ती उठली आणि डॉक्टर मुजावरांच्या खोलीत गेली.

आरिफ मुजावर अतिदक्षता विभागाचे प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले.

"इतर जिल्ह्यांतही वाळिंबे असणार," ते म्हणाले. "सभ्य माणसं सगळीकडे असतात. म्हणजे काय होतंय बघा. यंत्र म्हणतं, हा वाचणार नाही. आपण घरी पाठवतो. वाळिंबे लिहितात, गेला. यंत्र म्हणतं, बघा, मी म्हटलंच होतं. पुढच्या वेळी तसाच रुग्ण आला की आणखी दोन टक्के कमी. स्वतःच्याच आवाजाचा पडसाद ऐकून मान डोलावतंय ते."

"तात्यांचं काय?"

"तात्यांच्या रक्तात प्राणवायू ब्याऐंशी आहे. तुमचा-माझा तेवढा झाला तर आपण संपलो. पण चांगले हिंडत-फिरत होते तेव्हा किती असायचा?"

"गावी आले तेव्हा तपासला होता. अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर घाबरले होते, तात्या बिडी मागत होते."

"हं. म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्या खाली आलेत. यंत्राला वाटतंय गच्चीवरून पडले. गलाईवाल्यांची फुफ्फुसं वर्षानुवर्षं तशीच असतात, शरीराला सवय होते. यंत्रानं ती शेकड्यांनी पाहिली असतील. पण त्यातला वाचलेला एकही त्याला कुणी दाखवलेला नाही, कारण—"

"कारण गलाईवाले सगळ्यात आधी घरी नेतात," तृप्ती म्हणाली. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. इतर लोक चार दिवस घासाघीस करत. गलाईवाल्याचा मुलगा टक्का दहाच्या खाली आला की स्वतःच गाडी मागे. बाप जन्मभर परमुलखात राहिला, बांधलेल्या घरात राहता आलं नाही, निदान जाताना तरी त्या घरातून जावा. यात कमी पडलेल्या पोराला भाऊबंद नावं ठेवत.

"सकाळी पडद्यावर सात टक्के आले तेव्हा हे का नाही बोललात?" तिनं विचारलं.

"तृप्तीताई, मी टक्क्याविरुद्ध गेलो आणि माणूस दगावला तर मला खुलासा लिहावा लागतो. टक्क्याप्रमाणे गेलो आणि दगावला तर यंत्राची अचूकता वाढते." पेन टेबलावर ठेवून ते म्हणाले, "काल औषध बदललंय. मला चार-पाच दिवस द्या. वाचतील असं मी म्हणत नाही. सात नाहीत, एवढं म्हणतो. पण भावाला हे नुसतं सांगून पटणार नाही. मलाही वाळिंब्यांच्या सभ्यतेशिवाय दुसरा पुरावा लागेल."

तेव्हा तृप्ती आणि वाळिंबे दुपारी फोन घेऊन बसले. पहिला फोन तिनं वाळिंब्यांनाच करायला लावला. त्यांनी घसा साफ केला, रुमालानं कपाळ पुसलं आणि लेंगऱ्याच्या एका घरी लावला. सुनेनं उचलला. सासरे गाडीतच गेले होते, गाव दिसायच्या आधी. वाळिंबे माफी मागू लागले, पण ती बाई थांबेना. मामंजी कसे बोलत, त्यांना कुठली भाजी चालत नसे, शेवटी कुणाचं नाव घेतलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बरं झालं केलात फोन. आमच्याजवळ त्यांचा विषयच काढत नाही कुणी. सगळ्यांना वाटतं आम्हाला वाईट वाटंल."

वाळिंब्यांनी नोकरीभर ज्याची धास्ती घेतली होती तो फोन असा निघाला. त्यांनी न सांगता पुढचा नंबर फिरवला.

"नमस्कार. आजोबांची चौकशी करायची होती जरा..." ते ऐकत राहिले. मग फोनवर तळहात ठेवून कुजबुजले, "मॅडम, आंघोळीला गेलेत म्हणतायत. आता काय विचारू?"

"पाणी गरम आहे का विचारा."

त्यांनी खरंच विचारलं.

संध्याकाळ होईतो दोघांचे कान दुखू लागले. माहुलीचे एक काका ग्रामपंचायतीला उभे होते आणि आपण सरकारदप्तरी मृत आहोत हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, मग अर्ज बाद होईल का. आळसंदच्या एक मावशी गेल्या होत्या, पण चार महिन्यांनी, नातीचं लग्न उरकून. बरेच जण खरोखरच गेले होते, घरी पोहोचल्या दिवशीच. पण गलाईवाल्यांची घरं तेवढी धरली, तर तिघांतला एक जिवंत होता. तोही घरी, भाड्यानं आणलेल्या ऑक्सिजनवर आणि गावातल्या डॉक्टरच्या इंजेक्शनांवर. उरलेल्या दोघांतला एखादा इथं राहिला असता तर वाचला असता का, हे आता कुठलंच यंत्र सांगू शकणार नव्हतं. त्या प्रत्येक घरच्यांना तृप्तीनंच पाणी दिलं होतं. तो विचार तिनं त्या दिवसापुरता बाजूला सारला. तो नंतर आला आणि राहिला.

धैर्यशील आला तो बॅगेसकट थेट खाट नऊपाशी. बाहेर आल्यावर त्याचे डोळे लाल होते. बाकावर आई शाल गुंडाळून बसली होती. योजनेतली शाल दुपारीच पोचवून गेले होते आणि एसीमुळे थंडी वाजते म्हणून आईनं ती अंगावर घेतली होती.

"गाडी किती वाजता?" त्यानं विचारलं.

तृप्तीनं त्याला सगळं सांगितलं. वाळिंबे, यंत्र, फोन, डॉक्टरांचे चार-पाच दिवस. तो ऐकत होता, पण नुसतं ऐकून घेतोय असं दिसत होतं.

"तृप्ते, सात टक्के म्हणजे काय ते मला कळतं. माझा धंदाच टक्क्यांचा आहे."

"मग तूच सांग. सराफाच्या दुकानातल्या झाडलोटीची धूळ पोत्यानं उचलून नेतोस, जाळतोस, गाळतोस. त्या धुळीत सोनं किती टक्के असतं?"

त्या धुळीत एक टक्कासुद्धा नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावरच दोघांची शिक्षणं झाली होती.

"ते सोनं असतं," धैर्यशील शेवटी म्हणाला. "त्याला दुखत नाही."

तृप्तीनं काचेआडच्या तात्यांकडे पाहिलं.

"तोंडाला ते काय बांधलंय, बघवत नाही," धैर्यशील म्हणाला. "आयुष्यभर लोकांच्या गावात राहिला तो माणूस. घर बांधलं नि कुलूप लावून गेला. आणि आता शेवटचे दिवसपण पडद्यामागे, सुया टोचून घेत? उद्या भाऊबंद विचारतील, पोरानं बापाला घर दाखवलं नाही का. मी काय सांगू? माझ्या बहिणीला यंत्राची चूक सापडली म्हणून?"

"आई, तू सांग," तृप्ती म्हणाली.

"तुमी शिकलेली माणसं," आई म्हणाली. "मला त्येंचा त्रास बघवंना आणि न्यायचंबी धाडस हुईना. काय सांगू?"

यादीतला एक नंबर उरला होता. तृप्तीनं तो लावला आणि फोन भावाच्या हातात दिला. "आप्पासो माने. गलाईवालेच. गेल्या वर्षी चार टक्क्यांवर घरी नेले होते. आहेत का गेलेत, तू विचार."

"मी? असं कसं विचारू?"

"वाळिंब्यांसारखं बोलू नकोस. उचलला बघ फोन."

"नमस्कार," धैर्यशील घाईनं म्हणाला. "मी सेलमवरून, म्हणजे आत्ता विट्यातनं बोलतोय. धैर्यशील साळुंखे."

पलीकडून खरखरीत आवाज आला. "सेलममध्ये कुठं?"

"शेवापेटला, मामा. हिंदुरावांचा मुलगा."

"हिंदुरावचा? अरे, तुझ्या बापाच्या शेजारी वर्षभर भट्टी होती माझी, मग मी मदुराईला गेलो. ती कोपऱ्यावरची कॉफी आहे का अजून?"

कॉफी अजून होती. मग कोणाचं दुकान बंद पडलं, कोणाच्या पोरानं तमिळ मुलगी केली, ती आता सासूपेक्षा चांगलं मराठी बोलते, तेजाब किती महाग झालं, असं बोलणं चाललं. धैर्यशील तीन दिवसांत पहिल्यांदाच हसला. तृप्तीनं त्याच्या खांद्याला बोट लावलं, तेव्हा त्याला आठवलं.

"मामा, खरं म्हणजे एक विचारायचं होतं. राग मानू नका. आप्पासो माने म्हणून... तुमचे थोरले बंधू का? त्यांच्याविषयी जरा..."

"कसले बंधू? आप्पासो मीच की."

धैर्यशील आईशेजारी बाकावर टेकला.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हाला दवाखान्यातनं घरी नेलं, तेव्हा... कळत होतं का तुम्हाला?"

"सगळं कळत होतं. पोरं रडत होती, ऐकू येत होतं. जीभ तेवढी हलत नव्हती."

"काय वाटत होतं?"

आप्पासोंनी जरा विचार केला. "वाटत होतं, मला उचलून कुठं न्यायला लागलेत ही? इथं बरं चाललंय की."

धैर्यशीलनं फोन बहिणीला परत दिला. उठला आणि काचेतून खाट नऊकडे बघत उभा राहिला. मास्कमागे तात्यांचा चेहरा दिसत नव्हता, छाती तेवढी वर-खाली होत होती.

"गाडी नको म्हणून सांग," तो म्हणाला. "भाऊबंदांचं मी बघतो."

त्या संध्याकाळी वाळिंबे उशिरापर्यंत बसले आणि ज्यांना त्यांनी सभ्यपणे मारलं होतं त्यांना एकेक करून जिवंत करून घरी गेले. पहाटे यंत्रानं नेहमीप्रमाणे आपली गणितं दुरुस्त केली. सकाळी पडद्यावर खाट नऊपुढे तेरा आलं. साळुंखे परिवारात फुलांचा पाऊस पडला आणि तिरुनेलवेलीच्या चुलत्यांनी तात्यांच्या जिद्दीविषयी मोठा मजकूर लिहिला. तात्यांनी रात्रभरात काहीही केलं नव्हतं. सुधारलं होतं ते यंत्र.

दुसऱ्या दिवशी मात्र टक्का पुन्हा घसरून अकरावर आला आणि लघवी कमी झाली. धैर्यशील डॉक्टरांकडे जाऊन आला आणि बाकावर बसला. "मी चूक केली का गं?" त्यानं विचारलं. तृप्ती आजवर हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला "नाही" म्हणत आली होती. "माहीत नाही, दादा," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली. खोट्या धीरापेक्षा हे त्याला जास्त पेललं असावं, कारण मग त्यानं जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला.

त्यानंतरच्या सकाळी तात्यांनी नर्सचा हात झिडकारला. नर्सनं ते आनंदानं लिहून ठेवलं. मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली. मास्क आधी तासभर निघाला, मग दुपारभर. बावीस, चौतीस, एकावन्न. पन्नास ओलांडल्यावर आईनं पडद्याकडे बघायचं सोडलं आणि शेजारच्या खाटेच्या बाईला चपाती द्यायला सुरुवात केली.

पुढे पुण्याला समिती बसली. समितीनं बराच काळ बसल्यावर मान्य केलं की घरी नेलेला माणूस म्हणजे गेलेला माणूस नव्हे. त्याच्याविषयी काहीच ठाऊक नसेल तर त्यावरून यंत्रानं काहीच शिकू नये. नव्या 'अनुमान'मध्ये, ज्या तऱ्हेच्या रुग्णांचे खरे निकाल पुरेसे जमलेले नाहीत, त्यांच्यापुढे टक्क्याऐवजी 'माहीत नाही' अशी अक्षरं येतात. यंत्रानं हे दोन शब्द म्हणायला शिकणं ही त्या वर्षातली सर्वांत मोठी वैज्ञानिक प्रगती, असं डॉक्टर मुजावर म्हणतात. वरिष्ठ डॉक्टरांमध्ये ती यायला अजून अवकाश आहे. वाळिंबे तिसाव्या दिवसाची वाट न बघता दहाव्या दिवशीच फोन करतात आणि इतका वेळ बोलतात की त्यांच्याविरुद्ध टेलिफोन खर्चाची चौकशी चालू आहे. तृप्तीचं छापील कार्ड रद्द झालं. ती अजूनही नातेवाइकांना आत बोलावते नि पाणी देते. काहींना खरोखरच घरी न्यायचं असतं आणि ते बरोबरही असतं. फक्त ती आता आधी बराच वेळ विचारत बसते.

तात्यांना सोडायच्या दिवशी धैर्यशील सकाळीच गावी जाऊन बंगला झाडून-पुसून आला होता. वरच्या मजल्यावर ऑक्सिजनचं यंत्र बसवलं होतं, गादी उन्हात घातली होती. तात्या खाटेवर पाय सोडून बसले होते. आवाज अजून फाटका होता.

"चला तात्या, घरी," धैर्यशील म्हणाला.

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या. गावी."

तात्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "सेलमला न्यायला जमंल का?"

ज्या घरातून शेवटचं जायला मिळावं म्हणून बहिणीनं गाडी सांगितली होती आणि भावानं ती परत पाठवली होती, ते घर सगळ्यांच्या मध्ये उभं असल्यासारखं झालं.

"तात्या, तुम्हाला गावाकडंच राहायचं होतं ना?" तृप्तीनं विचारलं.

"मला? मला कशाला? घर बांधायचं हुतं, ते बांधलं. ऱ्हायला मला तिथंच बरं वाटतं. तुझ्या आईला गावाची ओढ, म्हणून आलो."

आईनं पिशवी भरायची थांबवली. "मी कवा म्हणलं? तुमी जलमभर घर घर करत हुता, म्हणून मी गप आले. माझ्या सगळ्या बाया तिथं. इथं दिसभर बोलू कुणासंगं, पाण्याच्या टाकीसंगं?"

"मग बोलली का न्हाईस दोन वर्सं?"

"तुमी इचारलं का?"

तात्यांनी यावर विचार केला आणि मुद्दा मान्य केला. डॉक्टर मुजावर दारातून ऐकत होते. पंधरवडा गावीच थांबायचं, मग फुफ्फुसं तपासून ठरवू, आणि सेलमला गेलात तरी भट्टीकडे फिरकायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तात्यांनी भट्टीपुरता होकार दिला. बिडीविषयी डॉक्टरांनी विचारलं नाही, म्हणून ते बोलले नाहीत.

धैर्यशील फोन काढून विमानं बघू लागला. तृप्ती वडिलांच्या पायाशी, खाटेवरच बसली.

"तात्या, अजून काय विचारायचं राहिलंय आमच्याकडनं? आत्ताच सांगा."

असं तात्यांना पुष्कळ वर्षांत कुणी विचारलं नसावं, त्यामुळे उत्तरं साचली होती, आणि आधी कुठलं काढावं ते ठरत नव्हतं.

"बस जरा," ते म्हणाले. "सांगतो. वेळ हाय."